ओव्हाळ मॅडम आणि बत्तीस हजारांचं डिझेल

आमच्या मंडळाचं नाव मी सांगणार नाही. त्यातले सगळे सभासद, माझ्यासकट, अजून पुण्यातच राहतात आणि रस्त्यात एकमेकांना भेटतात. एवढं सांगितलं तरी पुरे, की शनिवार पेठेत एका बंद पडलेल्या शिकवणीवर्गाच्या खोलीत, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, पन्नाशी-साठी ओलांडलेले पंधरा-सोळा पुरुष जमतात आणि खेळण्यातल्या आगगाड्यांबद्दल तावातावाने बोलतात. 'खेळण्यातल्या' म्हणायला मंडळात बंदी आहे. 'मॉडेल' म्हणायचं. आमचे अध्यक्ष फाटक यांच्या सुनेने एकदा फोनवर 'बाबा झुकझुक गाडीला गेलेत' असं सांगितलं, तर फाटक तिच्याशी आठवडाभर बोलले नव्हते.

या पुरुषांत यशोधरा ओव्हाळ या एकट्याच बाई. विक्रीकर खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या. त्यांना जाऊन आता चार महिने झाले. मंडळाने शोकसभा घेतली नाही. घेतली असती तर बोलायला कोण उठलं असतं, हा प्रश्नच होता.

त्या पहिल्यांदा आल्या तो रविवार मला नीट आठवतो. उंच, काटक, कडक इस्त्रीची सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. दारात उभ्या राहून त्यांनी खोलीभर मांडलेल्या रुळांवरून एकदा नजर फिरवली. फाटकांना वाटलं, कुणाला तरी घरी न्यायला आल्यात.

"आपण कुणाच्या मिसेस?" फाटकांनी अदबीनं विचारलं.

"कुणाच्याच नाही. वर्गणी किती?"

वर्गणी भरून झाल्यावर त्यांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं एक डिझेल इंजिन काढलं. जुनं, कुणाकडून तरी घेतलेलं, एका बाजूचा रंग उडालेला. ते त्यांनी रुळावर ठेवलं, वीज द्यायला सांगितली आणि दोन तास ते गोल गोल फिरताना बघत बसल्या. आमच्यात असं कुणी करत नसे. आमच्याकडची इंजिनं डब्यात राहत. डब्याचं सील तुटलं की किंमत निम्मी होते, ही आमची गीता. तेव्हा रविवारी आम्ही डबे घेऊन यायचो, डबे दाखवायचो, डबे परत न्यायचो. रुळांवर धूळ बसायची. ती पुसायचं काम मात्र आळीपाळीने ठरवून दिलेलं होतं.

मॅडमचं तोंड फटकळ, पण आवाज कधी चढायचा नाही. हळू, स्वच्छ, ऑफिसात नस्तीवर शेरा मारावा तसं एकेक वाक्य यायचं. माझं नारायण पेठेत चष्म्याचं दुकान आहे. त्या चष्मा करायला आल्या तेव्हा मी सवयीनं जास्त किंमत सांगितली, कारण गिऱ्हाईक कमी करायला लावणारच. त्यांनी पर्स उघडून तेवढे पैसे काढून ठेवले. मीच ओशाळून म्हणालो, "मॅडम, थोडं कमी करतो की."

"म्हणजे आधी जास्त सांगितलंत," त्या म्हणाल्या. "किंमत लावायची तुम्ही, घ्यायचं की नाही ते ठरवायचं मी. मधे कुस्ती कशाला?"

त्या दिवसापासून त्यांना मी खरी किंमत सांगू लागलो. इतरांना नाही. धंदा आहे शेवटी.

वाफेच्या इंजिनांवर आमच्या मंडळाचा फार जीव. एका रविवारी एका सभासदाने पडदा लावून 'वाफेचं सुवर्णयुग' दाखवलं. धूर, शिट्टी, सूर्यास्त, पुलावरून जाणारी गाडी. मंडळी हळवी झाली. फाटकांनी तर चष्मा काढून डोळे पुसले. दिवे लागल्यावर मॅडम म्हणाल्या, "छान होतं. यात कोळसा टाकणारा कुठे दिसला नाही."

"तो आत असतो ना, मॅडम," सभासद म्हणाला.

"हो. आमच्या घरी बाहेर यायचा."

त्यांचे वडील दौंडला वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. घरी आले की त्यांची आई आधी त्यांच्या डोळ्यांत दुधाचे थेंब घालायची, मग जेवायला वाढायची. रात्रभर खोकला. डिझेल आलं, वडील डिझेलवर असिस्टंट झाले, आणि पहिल्या दिवशी पांढरा सदरा पांढराच ठेवून घरी परतले. त्या दिवशी ओव्हाळांच्या घरातून रेल्वेच्या सगळ्या चाळीत पेढे वाटले गेले. मॅडमनी हे तीन-चार वाक्यांत सांगितलं. "ज्यांच्या घरात कुणी कोळसा उपसला नाही," त्या शेवटी म्हणाल्या, "त्यांनाच वाफेची आठवण येते." आणि उठून आपलं डिझेल रुळावर लावलं. त्यांना डिझेलबद्दल प्रेम होतं, आणि ते प्रेम आम्हा कुणाला समजण्यासारखं नव्हतं. आम्हाला फक्त डब्यांबद्दल प्रेम होतं.

मग ते नवं डिझेल आलं.

एका कंपनीने आपल्याकडच्या जुन्या डिझेल इंजिनाचं नवं मॉडेल काढलं. खऱ्यासारखा आवाज, खऱ्यासारखे दिवे, केबिनच्या आत ड्रायव्हरची खुर्चीसुद्धा. किंमत बत्तीस हजार. ती जाहीर झाली त्या रविवारी खोलीत असा गदारोळ झाला की खालचा किराणावाला वर बघायला आला.

"लूट आहे ही! शुद्ध लूट!" फाटक टेबलावर थापा मारत म्हणाले. "चार इंच प्लास्टिकचे बत्तीस हजार?"

"काका, पण व्हॅल्यू बघा ना," निनाद म्हणाला. हा आमच्यातला तरुण, म्हणजे चाळिशीचा, हिंजवडीत कामाला. "साउंड इनबिल्ट आहे, लिमिटेड पीस आहेत. दोन वर्षांत रीसेल डबल होणार, लिहून देतो."

म्हणजे एकाच्या मते किंमत जास्त होती, दुसऱ्याच्या मते पुढे आणखी जास्त होणार होती, आणि दोघांनाही ते रुळावर चालवायचं नव्हतं. बाकीच्यांनी आपापल्या तोंडाने 'लूट' हा शब्द फिरवून फिरवून म्हटला. फाटकांनीच मॅडमना छेडलं, "तुम्ही काही बोलत नाही, मॅडम? तुमचं लाडकं डिझेल आहे."

"त्यातली खिडकीची जाळी कुणीतरी चिमट्यानं हाताने बसवली आहे," मॅडम म्हणाल्या. "त्याच्या डोळ्यांची किंमत या चष्मेवाल्या पानशांना विचारा. मला बत्तीस हजार बरोबर वाटतात. परवडत नाहीत, म्हणून मी घेणार नाही. तुम्हाला महाग वाटतंय तर तुम्हीही घेऊ नका. डॉक्टरांनी लिहून दिलंय का?"

आठवड्याच्या आत फाटकांनी दोन मागवली. एक हिरवं, एक निळं.

मंडळाच्या सगळ्या इंजिनांचा विमा उतरवायचा असं एकदा ठरलं. अर्ज भरायला अर्थातच मॅडम, कारण त्या 'खात्यातल्या'. त्यांनी शिकवणीवर्गाचा जुना फळा पुसला आणि खडूने रकाने आखले. घरी सांगितलेली किंमत. मंडळात सांगितलेली किंमत. विम्यासाठी सांगितलेली किंमत. एकाच इंजिनाचे पहिल्या रकान्यात आठशे, दुसऱ्यात 'अहो मला स्वस्तात पडलं, बावीस हजार', तिसऱ्यात पन्नास हजार. मंडळी हसत हसत आकडे सांगत होती. आमच्यात तो लबाडपणा म्हणून धरलाच जात नाही. बायकोला खरी किंमत सांगायची नाही, पार्सल घरच्या पत्त्यावर मागवायचं नाही, हा आमचा कुळाचार आहे. नवीन सभासदाला पहिल्याच दिवशी तो समजावून दिला जातो.

फळ्यावर मॅडमनी चौथा रकाना आखला, त्यावर 'खरी' असं लिहिलं आणि खडू पुढे धरला. कुणी उठलं नाही. विमाही उतरला नाही.

घरी न मागवलेली पार्सलं कुठे जात असतील, तर माझ्या दुकानात. नारायण पेठेतलं माझं दुकान हे मंडळाचं गुपित टपाल कार्यालय. चष्म्याच्या काचांच्या खोक्यांत आणखी चार खोकी कोण मोजतंय? सगळ्यात जास्त पार्सलं यायची ती वाघोलीच्या पोपटराव गव्हाण्यांची.

पोपटराव मंडळातला एकटा भला माणूस. गव्हाण्यांची शेतजमीन एके काळी मोठी. नगर रस्त्याला इमारती उठल्या, भावाभावांत वाटण्या झाल्या, पोपटरावांच्या वाट्याचं मुलींच्या लग्नांत आणि आईच्या दवाखान्यात गेलं, आणि रस्त्यालगतचे दोन गुंठे तेवढे राहिले. ते त्यांनी विकले आणि पैसे बँकेत ठेवले, असं घरी सांगितलं. तेव्हापासून महिन्याला एक-दोन पार्सलं येऊ लागली. लहानपणी वाघोलीत रेल्वे नव्हती याचं दुःख त्यांनी आयुष्यभर सांभाळलं होतं. ते दुकानात यायचे, पार्सल फोडायचे, बिलाचे चार तुकडे करून माझ्या टोपलीत टाकायचे आणि डबा छातीशी धरून म्हणायचे, "पानसेदादा, मंदाला सांगितलंय, पाश्शे रुपयाचं खेळणं हाय. ती म्हनती, असू द्या, दारू तर पीत न्हाई."

मी हसायचो. सगळेच हसायचे. एका रविवारी मॅडमनी त्यांना विचारलं, "पोपटराव, उद्या तुम्ही नसलात तर मंदाताई हे कितीला विकतील?"

"मी कुटं चाललोय, म्याडम?"

"खरी किंमत एका कागदावर लिहून डब्यात ठेवा."

"ठेवतो की."

कागद ठेवला गेला नाही. मागच्या उन्हाळ्यात पोपटराव अंगणात खुर्चीवर बसल्या बसल्या गेले.

दहाव्यानंतर मंदावहिनींनी फाटकांना फोन केला. खोली मोकळी करायची आहे, कॉलेजच्या पोरींना भाड्यानं द्यायची, ती खेळणी कुणाला हवी असली तर घेऊन जा. फाटकांच्या गाडीतून आम्ही पाच जण गेलो. मॅडमच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्यांना कळवायचं का, असं मी विचारलं, तर फाटक म्हणाले, "राहू द्या हो. विश्रांती घेऊ दे बिचारीला." मी राहू दिलं.

मंदावहिनींनी चहा केला. पोपटरावांच्या फोटोला ताजा हार होता. आम्ही माना खाली घालून बसलो, जशी बसण्याची पद्धत आहे तसे. चहा झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "तुमी सगळी त्यांची जवळची मान्सं. दोन गुंठ्याचं पैसं ह्यांनी बँकेत ठेवलं म्हनं. दोन्ही बँकांत जाऊन आले. पावती कुटंच न्हाई. तुमास्नी काय बोललं होतं का?"

आम्हा पाचही जणांना माहीत होतं. ते पैसे पलीकडच्या खोलीत, भिंतीला लावलेल्या कपाटात, सीलबंद डब्यांत बसले होते. निनाद फोनकडे बघू लागला. फाटकांनी खाकरून घेतलं आणि म्हणाले, "नाही हो वहिनी. पैशाचं कधी बोलणं व्हायचं नाही."

मग त्यांनी विचारलं, "ही इंजिनं कितीला द्यायची म्हणता?"

"ह्ये पाश्शेला आणायचं," वहिनी म्हणाल्या. "तुमी तेवढंच द्या. जास्तीचं नको. घरचीच मान्सं हायसा."

हे ऐकून आमच्यातला एकजण तरी उठून बाहेर गेला असता, तर आज मी हे लिहीत बसलो नसतो. कुणी गेलं नाही. डबे कपाटातून उतरवताना धक्काबुक्की मात्र झाली. निळं आधी मी पाहिलं, हिरवं माझं, असं दबक्या आवाजात चाललं होतं, कारण बाहेरच्या खोलीत फोटोला हार होता. मी दोन घेतली. एक जुनं, साधंसं. दुसरं ते बत्तीस हजारांचं नवं डिझेल. त्याचं बिल माझ्याच दुकानात फाटलं होतं. मी पाचशेच्या दोन नोटा वहिनींच्या हातात ठेवल्या आणि नमस्कारही केला. या नमस्काराची मला अजून शिसारी येते.

पुढच्या दुसऱ्या रविवारी मॅडम आल्या. ऑपरेशननंतर त्यांची नजर स्वच्छ झाली होती. निनादच्या टेबलावर त्यांना एक डबा दिसला. कोपऱ्यावर पोपटरावांनी पेनाने काढलेलं छोटं 'पो' होतं.

"हे केवढ्याला घेतलंत?"

निनाद म्हणाला, "मॅडम, ॲक्च्युअली वहिनींनीच स्वतःहून ऑफर केलं. आम्ही काही बार्गेन केलं नाही."

"केवढ्याला?"

"पाचशे."

मॅडमनी एकेका तोंडाकडे पाहिलं. मग फाटकांकडे वळल्या. "फाटक, तुम्ही इतके दिवस सांगत होता, ही लूट आहे म्हणून. मी ऐकलं नाही. तुमचं बरोबर होतं."

फाटक लालबुंद झाले. "हे बघा मॅडम, सौदा तो सौदा. त्या बाईंनी किंमत सांगितली, आम्ही दिली. तुमचंच तत्त्व आहे ना, मधे कुस्ती नको?"

"किंमत तिने नाही सांगितली. तिच्या मेलेल्या नवऱ्याचं खोटं तिने सांगितलं. आणि ते खोटं आहे हे इथे सगळ्यांना माहीत होतं." त्यांनी आपलं इंजिन रुळावरून उचललं, रुमालात गुंडाळलं आणि निघाल्या. त्या रागावून घरी गेल्या असं आम्हाला वाटलं. त्या मनपाच्या थांब्यावरून वाघोलीची बस धरून गेल्या होत्या.

वाघोलीत काय झालं हे मला मॅडमनी कधी सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात त्या मंदावहिनींना सोबत घेऊन मंडळात आल्या. वहिनींच्या हातात दोन मोठ्या कापडी पिशव्या होत्या, घडी घातलेल्या, रिकाम्या. त्या दाराशीच थांबल्या. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, फाटकांचीच.

"मंदाताई इंजिनं परत न्यायला आल्यात," मॅडम म्हणाल्या. "ज्याचे जेवढे पाचशे असतील तेवढे त्यांनी आणलेत."

फाटकांनी कायदा सांगायला सुरुवात केली. वहिनींनी ऐकून घेतलं. मग टेबलावरचा एक डबा उचलला, उलटापालटा करून पाहिला, नखाने त्याच्यावरची पारदर्शक खिडकी टोकरली.

"म्याडमनी सांगितलं तवा मला खरं वाटंना," त्या म्हणाल्या. "म्हंजी माझी जमीन ह्या डब्यात हाय?"

त्यांनी डबा खाली ठेवला.

"ह्यांनी रडून सांगितलं असतं तरी इकू दिली असती की मी," त्या म्हणाल्या. "चोरून कशापायी?"

त्यानंतर डबे पुढे येऊ लागले. आधी निनादने दिले, तोंडाने 'सॉरी वहिनी, सॉरी' पुटपुटत. मग इतरांनी. फाटकांनी हिरवं दिलं आणि निळं गाडीत राहिलं असं सांगितलं. ते आजतागायत गाडीतच आहे. मी त्या दिवशी फक्त जुनं इंजिन आणलं होतं. ते मी सगळ्यांच्या देखत वहिनींच्या पिशवीत घातलं आणि पाचशे रुपये घ्यायला नकार दिला.

"दादा, तुमी चांगलं हायसा," वहिनी म्हणाल्या.

नवं डिझेल दुकानात होतं, काचांच्या खोक्यांमागे. मंदावहिनींना कुणी कोणता डबा नेला हे काही आठवत नव्हतं. मी चोरून डोळ्याच्या कोपऱ्यातून मॅडमकडे बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

मी ते का ठेवलं, हे मला अनेकदा विचारावंसं वाटलं आहे, पण विचारणार कुणाला? मी काही गरीब नाही. चालवायचं म्हणाल तर माझ्या घरी रूळही नाहीत. दोन वर्षांत दुप्पट होईल असं निनाद म्हणाला होता, एवढंच डोक्यात होतं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी खोकी बाजूला करून तो डबा बघायचो आणि पुन्हा झाकून ठेवायचो. तीन आठवडे असे गेले.

मग मॅडमचा फोन आला.

"पानसे, रविवारी वाघोलीला या. येताना ते घेऊन या."

'ते' म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

गव्हाण्यांच्या ओट्यावर एक टेबल मांडलं होतं. त्यावर चादर, चादरीवर डबे, प्रत्येक डब्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर मॅडमच्या सरळ अक्षरात आकडा. विकत घ्यायला मुंबईहून दोघे आले होते, कुणी नागपूरहून. मॅडम प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि मंदावहिनी त्यांच्या शेजारी. एक गृहस्थ घासाघीस करत होते. "ताई, फार आहे हो. थोडं बघा ना."

मंदावहिनींनी एकदा मॅडमकडे बघितलं आणि म्हणाल्या, "माझ्या दोन गुंठ्याचं हाय ते. कमी व्हायचं न्हाई."

त्या गृहस्थांनी मुकाट्याने पैसे दिले. मॅडमच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी हसू पाहिलं. आमच्या खोलीत इतक्या वर्षांत ते कधी दिसलं नव्हतं. त्या आजारी आहेत हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. गळ्याची हाडं वर आलेली दिसत होती, पण मी त्या वेळी त्यांच्याकडे नीट बघण्याच्या अवस्थेत नव्हतो.

मी पिशवीतून डबा काढला. तो वहिनींच्या हातात पटकन द्यावा, दोन शब्द बोलावे, दुकानाचं निमित्त सांगून निघावं, असं मी बसमध्ये पन्नासदा घोकलं होतं. "वहिनी, हे एक चुकून माझ्याकडे राहिलं होतं," मी म्हणालो.

वहिनींचा चेहरा उजळला. "बगा म्याडम, मी म्हनलं न्हवतं, दादा चांगले हायत म्हनून."

मॅडमनी नवी कोरी चिठ्ठी घेतली, पेनाचं टोपण काढलं आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"मंदाताई, पोपटरावांची सगळी पार्सलं यांच्या दुकानात यायची. बिलं यांच्यासमोर फाटायची. या इंजिनाची किंमत यांच्या हातानेच लिहून घ्या. त्यांच्याइतकी ती कुणाला माहीत नाही."

मी पेन घेतलं. लिहिलं. बत्तीस हजार. अक्षर वाकडं आलं. वहिनींना वाचता येत होतं, पण त्या आकडा बराच वेळ बघत राहिल्या.

"कवापासून ठावं हाय तुमाला, दादा?"

"आलं त्या दिवसापासून."

"तवा मी इचारलं, पैसं कुटं गेलं, तवा बी?"

"हो."

कमरेच्या पिशवीतून वहिनींनी पाचशेची एक नोट काढली, गुडघ्यावर ठेवून तळहाताने सरळ केली आणि माझ्यापुढे धरली. मी हात जोडले, नको म्हणालो.

"घ्या, पानसे," मॅडम म्हणाल्या. "बरोबर आहेत. मोजायचीसुद्धा गरज नाही."

मी नोट घेतली. मॅडमनी माझ्यापुढचा डबा उचलला, पदराने पुसला, माझी चिठ्ठी त्याला लावली आणि खाली मान घालून रांगेत नीट बसवला. मागे नागपूरचे गृहस्थ खोळंबले होते. मॅडमनी मला हाताने बाजूला व्हायला सांगितलं आणि त्यांना पुढे बोलावलं.